माहिष्मतीला जाताना दशम्या गेटबाहेरच संपवा

‘बाहुबली’ सिनेमातली माहिष्मती नगरी जिथं उभी केली ती हैदराबादची रामोजी फिल्म सिटी बघायला जातोय, असं आमच्या अमळनेरात कुणाला सांगितलं की समोरून हमखास दोन प्रश्न येतात. तिथं पाळणे आहेत का? आणि खायला काय मिळतं? सारंगखेड्याची यात्रा बघत वाढलेल्या माणसाला तिसरा प्रश्न सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर हे दोन प्रश्न चुकीचेही नाहीत. पण हैदराबादला जाऊन आलेले बरेच जण वैतागून परततात ते पाळण्यांमुळे किंवा जेवणामुळे नाही. ‘एवढा मोठा राजवाडा पडद्यावर दिसला, इथं तर अर्धाच आहे,’ हे त्यांचं दुखणं असतं. ते आधीच माहीत असेल तर अर्धा राजवाडा पुऱ्यापेक्षा जास्त मजा देतो. मी दोनदा गेलो. पहिल्यांदा तीन मित्रांबरोबर गेलो आणि करायच्या तेवढ्या सगळ्या चुका केल्या. दुसऱ्यांदा आबा, माय, बायको आणि बहिणीची दोन पोरं घेऊन गेलो. खालचं सगळं त्या दोन फेऱ्यांतून आलेलं आहे.

आधी जागा समजून घ्या

रामोजी फिल्म सिटी हैदराबादच्या पूर्वेला, विजयवाड्याच्या महामार्गावर आहे. शहराच्या मध्यापासून साधारण तीस किलोमीटर. रामोजी राव यांनी ती १९९६ मध्ये उभी केली. सोळाशे एकरांहून जास्त जमीन, आणि जगातला सर्वांत मोठा स्टुडिओ म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंद. आपल्याकडचा हिशेब लावायचा तर एखाद्या खेड्याचं अख्खं शिवार होईल एवढी.

मुद्दा हा की ती आधी स्टुडिओ आहे आणि मग करमणुकीचं ठिकाण. तुम्ही जाल त्या दिवशी आत कुठं ना कुठं शूटिंग चालू असणार. एखादा रस्ता बंद असेल, एखाद्या सेटकडे बस वळणारच नाही. त्यावरून तिथल्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. आमच्या पहिल्या फेरीत आमच्यातला एक जण अर्धा तास भांडला. रस्ता उघडला नाही, आमचा अर्धा तास तेवढा गेला.

निघण्याआधी सिनेमा पुन्हा बघा, पण वेगळ्या डोळ्यांनी

ही पायरी लोक गाळतात आणि सगळी गंमत इथंच हुकते. पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला, दुसरा २८ एप्रिल २०१७ ला. मधली पावणेदोन वर्षं कट्टाप्पानं बाहुबलीला का मारलं यावर पानटपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत चर्चा चालली होती, ती आठवत असेल. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर दोन्ही भाग जोडून एकच लांब सिनेमा करून पुन्हा थिएटरात लावला होता. कोणताही बघा, पण निघायच्या आठवड्यात बघा. सहा महिन्यांपूर्वीचा उपयोगी नाही. हिंदीतून बघत असाल तर प्रभासच्या तोंडी जो आवाज ऐकू येतो तो आपल्या शरद केळकरचा आहे. पोरांना हे सांगितलं की ती निदान तेवढी तरी कान देऊन ऐकतात.

बघताना गोष्टीकडे लक्ष देऊ नका, ती पाठच आहे. मागे काय उभं आहे ते बघा. दरबारातले खांब, वाड्याचं दार, हत्तींची शिल्पं, पायऱ्या. आवडलेल्या चार-पाच ठिकाणी सिनेमा थांबवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तिथं गेल्यावर हे फोटो समोर धरायचे आणि कॅमेरा कुठं उभा असेल ते शोधायचं. आमची भाची दहा वर्षांची आहे. तिनं एका खांबाची जागा माझ्याआधी पकडली आणि दिवसभर मला ते ऐकवलं.

आता काय शोधायचं नाही तेही सांगतो. पहिल्या भागातला तो प्रचंड धबधबा तिथं नाही. त्याचं मूळ केरळात, चालकुडी नदीवरच्या अतिरप्पिळ्ळीला, आणि त्यावर संगणकानं भरपूर पाणी वाढवलेलं आहे. शूटिंगचा नारळ फुटला तो ६ जुलै २०१३ ला, कर्नूलकडच्या दगडांच्या बागेत. तेही ठिकाण फिल्म सिटीच्या बाहेरचं. पहिल्या फेरीत आम्ही चौघं आत फिरत ‘धबधबा कुठं आहे?’ असं विचारत होतो आणि तिथला मुलगा आमच्याकडे दयेनं बघत होता.

आणि राजवाडा? कला दिग्दर्शक साबू सिरिल यांच्या माणसांनी जे बांधलं ते नटांच्या हातापायाला लागेल तेवढं. त्यांना जिथं हात लावायचा आहे, जिथून चालायचं आहे, जिथं लढायचं आहे तेवढं खरं. त्याच्या वरचे मजले, मागची तटबंदी, लांबवर पसरलेलं नगर हे सगळं नंतर संगणकावर चढवलेलं. पहिल्या भागातल्या या कामासाठी व्ही. श्रीनिवास मोहन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. म्हणजे तुम्ही जे बघायला जाताय तो वाड्याचा खालचा मजला आहे. हे डोक्यात ठेवून गेलात की ‘अर्धाच आहे’ असं म्हणायची वेळ येत नाही. हात कुठं संपतो आणि संगणक कुठं सुरू होतो, ती रेघ शोधायची.

कधी जायचं

उन्हाळ्यात नको. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांतून गेलेल्या माणसाला हैदराबादचा आकडा कमी वाटतो, आणि तिथंच तो फसतो. घरी आपण दुपारी बाहेर पडत नाही. तिथं मात्र नेमके दुपारीच फरशीवरून, डांबरावरून चालत असतो. पावसात सेटवर फिरता येतं, पण उघड्या बसमध्ये भिजायला होतं. कापूस घरात आला, हातात पैसा आला की जानेवारी-फेब्रुवारीत जावं, असं माझं मत. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते संक्रांत या दिवसांत तिथं खास कार्यक्रम असतात, रोषणाई असते आणि त्याच हिशेबानं गर्दी असते. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

कसं जायचं

सोपा रस्ता मनमाडवरून. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावकरांनी मुख्य लोहमार्गानं मनमाड गाठायचं. धुळेकरांना एसटीनं थेट मनमाड बरं पडतं. आम्ही अमळनेरचे आणि नंदुरबार, दोंडाईच्याचे लोक तापीकाठच्या गाडीनं आधी जळगावला येतो आणि तिथून पुढं जातो. मनमाडहून संध्याकाळनंतर अजिंठा एक्स्प्रेस धरली की संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद असं करत सकाळी काचीगुडा स्टेशनला उतरता. मनमाडला गाडी बदलायला निदान दोन तास हाती ठेवा. आमच्या लाईनवर गाडी वेळेवर येईल असं समजून आखलेला बेत म्हणजे पाऊस वेळेवर येईल असं समजून केलेली पेरणी.

विमानाची हौस असेल तर २०२४ पासून जळगावहून हैदराबादला छोटं विमान सुटू लागलं आहे. वार आणि वेळ बदलत राहतात, ते बघून घ्या. स्वतःची गाडी काढायची तर अंतर सहाशे किलोमीटरच्या घरात जातं आणि चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी फिल्म सिटीत बाकावर झोपलेला सापडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उतरल्या दिवशी फिल्म सिटीला जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा तेच केलं. स्टेशनवर तोंड धुतलं, रिक्षा केली आणि गेटवर पोचेपर्यंत साडेबारा वाजले. पूर्ण दिवसाचे पैसे भरून अर्धा दिवस बघितला. पहिला दिवस अंघोळ, झोप आणि चारमिनारसाठी ठेवा. मुक्काम दिलसुखनगर किंवा एल. बी. नगरच्या बाजूला करा. फिल्म सिटी त्याच दिशेला आहे. मेट्रोचा लाल मार्ग एल. बी. नगरला संपतो आणि तिथून हयातनगरच्या पुढं जाणाऱ्या सिटी बस मिळतात. पाच-सहा माणसं असाल तर एक गाडी ठरवून घ्या. फक्त परतीचंही आधीच बोलून ठेवा, कारण संध्याकाळी गेटबाहेर रिक्षावाले म्हणतील तो भाव.

भाषेची धास्ती धरू नका. हैदराबादी हिंदीत ‘नक्को’ आहे. आबांनी पहिल्याच दिवशी चहावाल्याला ‘साखर नको’ म्हटलं, त्यानं ‘नक्को?’ विचारलं आणि दोघांचं जमलं.

तिकीट

आधी ऑनलाइन काढलेलं बरं. दर ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे इथं आकडा देत नाही, पण मोठ्या माणसाला हजाराच्या वर धरून चाला. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. पोरांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. आमचा भाचा वयानं लहान आणि अंगानं ताडमाड, तो ‘मोठा’ निघाला. बजेट तिथंच कोलमडलं. दुसरं, वेगवेगळ्या प्रकारची तिकिटं असतात. महागात जेवण, वातानुकूलित बस वगैरे येतं. साध्या तिकिटात सिनेमाप्रेमी माणसाला लागणारं बहुतेक सगळं असतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर मात्र महागाचा विचार जरूर करा. आम्ही केला नाही आणि माय अजून त्यावर बोलते.

दशम्यांचं काय?

खानदेशी माणूस घरातून निघाला आणि डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कळण्याच्या पुऱ्या नाहीत असं होत नाही. प्रवासात याला तोड नाही. पण फिल्म सिटीच्या गेटवर पिशव्या तपासतात आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. मायनं डबा पदराखाली घेऊन बघितला. सांगायचं कारण एवढंच की तो प्रयोग करू नका. बाहेर झाडाखाली बसा, भरपेट खा, मग आत जा. आत जेवण मिळतं, ठीक असतं, पण शेवभाजीची तर्री डोळ्यांपुढं आणून कुठलीही भाजी खाल्ली की ती फिकीच लागणार. पाण्याची बाटली जवळ ठेवा. औषधं असतील तर चिठ्ठीसकट वेगळ्या पिशवीत ठेवा.

आत गेल्यावर

सकाळी नऊला दारं उघडतात. त्या वेळी गेटवर असायचं, साडेनवाला नव्हे. मुख्य गेटपासून फिल्म सिटीच्याच बसनं आत नेतात आणि युरेका नावाच्या चौकात सोडतात. किल्ल्यांसारखे दरवाजे, बाजार, खाण्याची ठिकाणं, सगळं तिथं. लोक तिथंच फोटो काढत तास घालवतात. घालवू नका. संध्याकाळी परत तिथंच यायचं असतं.

आधी खेळांच्या वेळा बघा. वेळापत्रक हातात मिळतं किंवा फलकावर असतं. स्टंट शो आणि नाचगाण्याचा कार्यक्रम ठरावीक वेळीच होतात. हुकला की पुढच्या फेरीपर्यंत थांबा. या वेळा मोबाइलमध्ये टिपून घ्या आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा.

मग लगेच लाल बसची स्टुडिओ फेरी धरा. सकाळी रांग छोटी असते. बसमध्ये माहिती सांगणारा असतो, हिंदीत सांगतो, बोलता बोलता विनोद करतो. या फेरीत खोटं रेल्वे स्टेशन, तुरुंग, विमानतळ, परदेशी वाटणाऱ्या गल्ल्या हे सगळं येतं. एकच इमारत एका बाजूनं दवाखाना, दुसऱ्या बाजूनं वाचनालय. इथं आमच्या आबांचा पहिला धडा झाला. ते खाली उतरले, बोटाच्या पेरानं एक भलामोठा दगडी खांब ठोकून बघितला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हाई तं पोकळ शे भो!” त्यानंतर दिवसभर आबा ठोकत फिरले. प्लास्टरचा आवाज वेगळा, फायबरचा वेगळा, लाकडी सांगाड्यावर ताडपत्रीसारखं काही ताणलेलं असेल तर तो आवाज आणखी वेगळा. आयुष्यभर गवंड्यांच्या हाताखाली घरं बांधून घेतलेला माणूस, त्याला खरा सिनेमा त्या आवाजात सापडला. हळूच ठोका, आणि ‘हात लावू नये’ लिहिलेलं असेल तिथं लावू नका.

बाहुबलीचा सेट

याच्यासाठी दुपारचं ऊन टाळा. सकाळी स्टुडिओ फेरीनंतर लगेच किंवा चारच्या पुढं. सेट उघड्यावर आहे, सावली बेताची, आणि दुपारच्या उभ्या उन्हात सगळं पांढरं पडतं, फोटोत काही येत नाही.

पोचलात की लगेच सेल्फी काढू नका. आधी एक चक्कर मारा. मोबाइलमधले ते थांबवलेले फोटो उघडा. पहिलं काम, वरची रेघ शोधणं. भिंत वर जाऊन अचानक सपाट संपते, तिच्या वर नक्षी नाही, कळस नाही. सिनेमात तिथं आणखी चार मजले आहेत. ते संगणकाचे. फोटोतल्या वाड्यावर बोट ठेवून बरोबर ती जागा दाखवता आली की समजा पैसे वसूल.

दुसरं काम, मागे जाऊन बघणं. जिथं जाऊ देतात तिथं मूर्तींच्या पाठीमागे नजर टाका. पुढून पुरातन दगड, मागून लोखंडी पाइप, प्लायवूड, खिळे. गणपतीच्या मंडपात पाठीमागे शिरलेल्या कुठल्याही पोराला हे ओळखीचं वाटेल. आमच्या गल्लीत दरवर्षी जो देखावा होतो त्याचा हा हजारपट मोठा भाऊ.

तिसरं, कॅमेऱ्याची उंची. बरेचसे भव्य प्रसंग जमिनीलगत कॅमेरा ठेवून वर बघत घेतलेले असतात, म्हणून हत्ती डोंगराएवढा दिसतो. भाचीला मी जमिनीवर बसून फोटो काढायला सांगितलं. त्या एका फोटोत आबा साक्षात महाराज दिसतात, डोक्याला रुमाल बांधलेला असूनही.

या सेटला तासभर द्या. बाकी लोक वीस मिनिटांत पुढं जातात, त्यामुळे थांबलात की मधेमधे जागा मोकळीही मिळते.

आणि पाळणे?

आहेत. फंडुस्तान नावाचा पोरांचा भाग आहे, बोरासुरा म्हणून भुताटकीची गुहा आहे, आणि साहसी खेळांचा एक वेगळा भाग आहे त्याचं तिकीटही वेगळं. सारंगखेड्याच्या आकाशपाळण्यात बसून ज्यानं खाली तापी बघितली आहे त्याला इथले पाळणे सभ्य वाटतील. मौत का कुआँ नाही. पोरं मात्र खूश असतात. त्यांना जेवणानंतर लगेच गोल फिरणाऱ्या कशातही बसवू नका. का ते विचारू नका.

फुलपाखरांची बाग, पक्ष्यांची बाग आणि जपानी पद्धतीचा बगीचा हे मायला सगळ्यात आवडलं. तिनं बाहुबली बघितलेलाच नाही. घरातलं एक तरी माणूस असं असतंच, त्याच्यासाठी हे ठिकाण राखून ठेवा.

चालणं भरपूर होतं. नव्या चपला घालून जाऊ नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला युरेकात सावलीची जागा बघून बसवा आणि तासाला कुणीतरी येऊन भेटेल असं ठरवा. मोबाइलची बॅटरी चारच्या सुमाराला मान टाकते, चार्जर-बँक जवळ हवी.

परत येताना

संध्याकाळी युरेकात समारोपाचा कार्यक्रम होतो. तो शेवटपर्यंत बघितलात तर बाहेर पडताना सगळे एकदम बससाठी धावतात. दहा मिनिटं आधी उठा. त्याच रात्रीची परतीची गाडी धरायचा मोह आवरा, विजयवाडा रस्त्यावर संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची अजिंठा काढा.

एवढा खर्च यंदा झेपणार नसेल तर एक दुसरी वाट आहे, आणि ती आपल्या सातपुड्यापलीकडेच जाते. पुराणांतली, इतिहासातली जी माहिष्मती नगरी, ती नर्मदेकाठचं महेश्वर असावी असं बरेच अभ्यासक मानतात. अहिल्याबाईंचं महेश्वर. धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा, खलघाटला नर्मदा ओलांडायची, धामनोदला वळायचं की थोड्याच वेळात घाट दिसतो. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणापर्यंत पोचता. तिथं दशम्या घाटावर बसून खाल्ल्या तरी कुणी काही म्हणत नाही. आबांना घेऊन गेलो होतो. त्यांनी तिथला खांबही ठोकून बघितला, आणि नुसती मान हलवली.